धावपटू घडतो झोपेत

एक साधा हिशेब करू. कागद-पेन असेल तर उत्तमच.

बसल्या जागी तुमचं हृदय मिनिटाला 72 ठोके देतं असं धरा. दिवसाची मिनिटं 1,440. गुणाकार केला की दिवसाचे 1,03,680 ठोके होतात. आता वर्ष-दोन वर्षं नेमाने पळणारा तुमच्याच वयाचा एखादा माणूस घ्या. विश्रांतीत त्याचे ठोके 58 वर येऊ शकतात, आणि त्यासाठी तो विक्रमवीर असावा लागत नाही. हा गडी आज तासभर पळाला. त्या तासात मिनिटाला 150 ठोके, म्हणजे 9,000. उरलेल्या 23 तासांचे 58 च्या हिशेबाने 80,040. एकूण 89,040.

पुन्हा मोजून बघा हवं तर. ज्याने हृदयाला तासभर दुपटीने राबवलं, त्याच्या हृदयाचे दिवसभरात साडेचौदा हजार ठोके कमी पडले! ज्या दिवशी तो पळणार नाही, त्या दिवशी तर आणखी कमी.

असा हिशेब दुसऱ्या कुठल्या धंद्यात बसतो का? दुकान जास्त वेळ उघडं ठेवलं की वीजबिल वाढतं. ट्रॅक्टर जास्त चालवला की टायर झिजतात. माणसाचं शरीर मात्र नीट राबवलं तर स्वतःचा खर्च कमी करून घेतं. कामात बुडालेल्या माणसाला लांब पल्ल्याच्या शर्यतीचा सराव ताळ्यावर आणतो असं म्हणतात, त्यामागे निव्वळ ‘मन प्रसन्न होतं’ एवढंच नाही. त्यामागे हे असं, बोटांवर मोजता येणारं नवल आहे.

ते नवल समजून घ्यायला आधी उंब्रजला या. पुणे-बंगळूर महामार्गावरचं, कराड तालुक्यातलं, तारळी जिथे कृष्णेला मिळते तिथलं हे गाव. सातारा जिल्ह्यातल्या अशा कुठल्याही गावाच्या रस्त्यावर पहाटे उभे राहा, पळणारी दोन तऱ्हेची माणसं दिसतील. पहिली भरतीची पोरं. सैन्य नाहीतर पोलीस, 1,600 मीटर, हातात घड्याळ आणि डोळ्यांपुढे नोकरी. ही परंपरा इथे पिढ्यान्‌पिढ्यांची.

दुसरी तऱ्हा अलीकडची. चाळिशी-पन्नाशीचे दुकानदार, डॉक्टर, शिक्षक, बँकेतले लोक, कारखान्यात शिफ्ट करणारे. यांना पळून नोकरी मिळवायची नाही. आहे त्या कामानेच त्यांना पुरतं गिळलेलं असतं. सकाळी नऊला वर गेलेलं शटर रात्री साडेनऊला खाली येतं. जेवताना एका हातात घास आणि दुसऱ्या हातात फोन. अंथरुणावर पडलं तरी डोक्यात उधारीची यादी. आणि असा माणूस एके दिवशी जाहीर करतो की मी हाफ मॅरेथॉन पळणार. घरचे विचारतात, “आधीच वेळ नाही, त्यात हे काय नवीन काढलंत?”

प्रश्न रास्त आहे. आधीच भरलेल्या दिवसात आणखी एक काम कोंबलं, तर दिवस हलका कसा होईल?

उत्तराकडे वळण्याआधी या गावातला एक मजेदार योग सांगायलाच हवा. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला आहे, 1649 च्या सुमाराचा. समर्थ चाफळहून रोज इथे कृष्णेवर स्नानाला येत, अशी आख्यायिका आहे. चाफळ ते उंब्रज अंतर साधारण दहा-अकरा किलोमीटर. जाऊन-येऊन किती झालं? एकवीसच्या आसपास! आजच्या हाफ मॅरेथॉनचं अंतर 21.1 किलोमीटर. म्हणजे ज्या अंतराला आज आपण छातीवर नंबराचं बिब लावतो, बूट घेतो, सहा महिने सराव करतो, ते अंतर या आख्यायिकेत अंघोळीला जाण्या-येण्याचं आहे.

आता हृदयाकडे या. ठोके कमी पडूनही काम कसं भागतं?

साधं आहे, आणि थक्क करणारंही आहे. विश्रांतीत शरीराला मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त लागतं. 72 ठोके असतील तर प्रत्येक ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर. सरावाने हृदयाचा डावा कप्पा ऐसपैस होतो, भिंत मजबूत होते, आणि एका ठोक्याला 86 मिलिलिटरच्या आसपास रक्त बाहेर पडू लागतं. मग 58 ठोके पुरतात. मुळात अंगातलं रक्तच वाढतं. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, सराव सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांतच वाढायला लागतो. तुमचे बूट अजून नवे असतात, पोटऱ्या ठणकत असतात, तुम्हाला वाटतं काहीच जमत नाहीये, आणि आत रक्ताची पातळी वाढू लागलेलीसुद्धा असते!

हृदयाचा हा बदल पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आला? स्वीडनमधल्या सालोमोन हेन्शेन या डॉक्टरांच्या, 1899 मध्ये. सोनोग्राफी नाही, ईसीजी नाही. बर्फावरून लांब पल्ल्याच्या शर्यती करणाऱ्यांच्या छातीवर त्यांनी बोटांनी ठकठक केलं, आवाज कुठे बदलतो ते ऐकलं, आणि ओळखलं की यांची हृदयं मोठी आहेत. खेड्यातले जुने डॉक्टर अजूनही छातीवर दोन बोटं ठेवून असंच वाजवून बघतात. त्या वाजवण्यातून माणसाचं हृदय वाढू शकतं हे कळलं.

आता खाली उतरू, मांडीच्या स्नायूत. तिथल्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया नावाचे सूक्ष्म घटक असतात. आपण खाल्लेलं अन्न आणि ओढलेला श्वास यांची गाठ तिथे पडते आणि ऊर्जा तयार होते. हे घटक वाढवता येतात का? 1967 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे जॉन होलोझी यांनी उंदरांना पळवून पाहिलं. सरकत्या पट्ट्यावर, आठवड्यातले पाच दिवस, सुमारे तीन महिने. सराव न केलेले उंदीर अर्ध्या तासाच्या आसपास दमून थांबत. सरावातले उंदीर तीन तास पळत राहिले! त्यांच्या स्नायूंत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा दुपटीच्या घरात गेली होती.

दुप्पट! तीन महिन्यांत! पण खरी गंमत पुढे आहे. ही वाढ होते कधी? पळताना नाही. पळताना तर स्नायूची मोडतोड होते, साठा रिकामा होतो, सूक्ष्म तंतू तुटतात. पळणं ही फक्त सूचना असते. बांधकाम सुरू होतं तुम्ही थांबल्यावर आणि चालतं पुढचा दिवस-दोन दिवस. त्यातला मोठा भाग रात्री, गाढ झोपेत होतो. वाढीचं संप्रेरक सगळ्यात जास्त स्रवतं ते झोपेच्या पहिल्या गाढ टप्प्यात. सूचना पहाटे पाचला दिली, आणि कामगार आले रात्री अकराला.

झोपच घेतली नाही तर? सूचना दिली, पण गवंडी आलाच नाही. भिंत पडलेलीच राहते, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्यावर पुन्हा घण घालता.

घरच्यांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. शर्यतीचा सराव दिवसात एक तास मागतो हे खरं, पण त्या तासाबरोबर तो झोपेचे सात-आठ तास गुपचूप वसूल करतो. पहाटे पाचला उठायचं म्हणजे दहाला आडवं व्हायला हवं. दहाला आडवं व्हायचं म्हणजे जेवण साडेआठला. म्हणजे शटर आठला. वर्षानुवर्षं बायको सांगत होती, डॉक्टर सांगत होते, तेव्हा शटर हललं नाही. रविवारी 16 किलोमीटर पळायचे आहेत म्हटल्यावर ते दीड तास लवकर खाली आलं. गिऱ्हाईक तुटलं का? साडेआठला येणारा साडेसातला येऊ लागला, बाकी जग होतं तिथेच राहिलं.

झोपेनंतर नवख्याची फसगत होते ती वेगात. कष्टाळू माणसाचा स्वभावच असा की घाम निथळला नाही तर काम झालं असं त्याला वाटत नाही. तो पहिल्या दिवसापासून जीव तोडून पळतो, तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरून बसतो, आणि पळणं आपलं काम नाही असं ठरवून टाकतो.

जगातले सर्वोत्तम धावपटू काय करतात? स्टीफन सायलर हे नॉर्वेत काम करणारे संशोधक. त्यांनी धावपटू, नावाडी, सायकलपटू, बर्फावर घसरत जाणारे अशा अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. ढोबळ चित्र असं निघालं की सरावाचा साधारण 80 टक्के भाग हळू, आणि जेमतेम 20 टक्के भाग जोरात. ज्यांचा व्यवसायच वेग, ते बहुतेक वेळ आरामात पळत होते!

किती आरामात? घड्याळाची गरज नाही. शेजारच्याशी सलग बोलता आलं पाहिजे. गुळाचा भाव, कारखान्याचा पहिला हप्ता, पोराचं कॉलेज, सगळं धाप न लागता सांगता आलं की वेग बरोबर. वाक्य अर्ध्यात तुटलं की वेग जास्त. इतकं साधं मोजमाप प्रयोगशाळेतल्या मोजमापांशी बरंच जुळतं. याच संथ वेगात स्नायूंभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं विणलं जातं, मायटोकॉन्ड्रिया वाढतात, आणि शरीर चरबी जाळायला शिकतं.

याचा पुरावा हवा तर माणमध्ये चला. मोही हे माण तालुक्यातलं दुष्काळी गाव. तिथल्या ललिता बाबर. त्यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिला क्रमांक मिळवला. मग वळल्या 3,000 मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत साडेसात फेऱ्या. 42 किलोमीटरचा माणूस 3 किलोमीटरला काय करणार? 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांत पळाल्या, राष्ट्रीय विक्रम केला, आणि अंतिम फेरीत दहाव्या आल्या. 1984 मध्ये पी. टी. उषा गेल्या होत्या, त्यानंतर 32 वर्षांनी भारतीय महिला ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत दिसली. नऊ मिनिटांच्या शर्यतीतसुद्धा ऊर्जेचा मोठा हिस्सा मिळतो तो श्वासावर चालणाऱ्या याच संथ यंत्रणेकडून. लांब पल्ल्याने घातलेला पाया असा कामी येतो. पुढे त्या महसूल खात्यात अधिकारी झाल्या.

आता चरबी जाळण्याचं म्हणाल, तर त्याचा हिशेब पहिल्याहून भारी आहे. पळायला ढोबळमानाने एका किलो वजनाला एका किलोमीटरमागे एक कॅलरी लागते. 65 किलोच्या माणसाला 30 किलोमीटरला 1,950. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजन, असतो 400 ते 500 ग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त 2,000 कॅलरी. मॅरेथॉन धावणारे 30 किलोमीटरच्या पुढे ‘भिंत लागली’ म्हणतात, ती भिंत या आकड्यात उभी आहे.

आणि चरबी? सडपातळ माणसाच्या अंगावरही 10 किलो सहज असते. तिच्यात साधारण 77,000 कॅलरी. भागाकार करा. 1,180 किलोमीटरहून जास्त! कागदावर तरी हा माणूस उंब्रजहून पळत बंगळूरला पोचेल आणि अर्ध्याहून अधिक वाट परतही येईल. मग तो तिसाव्या किलोमीटरला का कोसळतो? गावात दहा एकर बागायत आहे, पण एसटीच्या तिकिटाला खिशात सुट्टे नाहीत, अशी त्याची गत होते. मालमत्ता भरपूर, हाताशी काही नाही. चरबी मोडायला वेळ लागतो, प्राणवायू जास्त लागतो, आणि वेग वाढला की शरीर झटकन साखरेकडे वळतं. महिनोन्‌महिने संथ पळण्याने हीच सवय पालटते. शरीर चरबी वापरायला सरावतं, साखर राखून ठेवतं.

दिवसभर घाईत असणारा माणूस इथे पहिल्यांदाच घाई महाग पडताना पाहतो, तीही स्वतःच्या पायांत. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये मारलेली फुशारकी शेवटच्या पाचात व्याजासकट द्यावी लागते. हे कुणी भाषणात सांगितलं असतं तर त्याने मान डोलावून सोडून दिलं असतं.

आता साताऱ्याला जाऊ, कारण सरावाला तारीख लागते. 2012 साली डॉ. संदीप काटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू केली. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचं आणि उतरून परत यायचं. पावसाळ्याचा शेवट, धुकं, ओले कडे, आणि वळणावळणावर टाळ्या वाजवणारे सातारकर. डोंगरावर एकाच वेळी धावणाऱ्यांच्या संख्येसाठी या शर्यतीची गिनीज बुकात नोंद झाली.

नवखा घाबरतो चढाला. अनुभवी घाबरतो उताराला! का? चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो ब्रेक लावत असतो, म्हणजे एकीकडे आखडायचा प्रयत्न करतो आणि त्याच वेळी ताणलाही जातो. या ओढाताणीत सूक्ष्म तंतू तुटतात. त्या दिवशी काही जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र मांड्या अशा भरून येतात की जिना उलटा उतरावा लागतो.

आणि तरी नवल पुढेच. दोन आठवड्यांनी तोच घाट पुन्हा उतरा. दुखणं निम्म्याहून कमी! एकदाच, एकाच उतारावर घेतलेला मार स्नायू आठवडेच्या आठवडे लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळेसाठी तयारी करून बसतो. पण तयारीसाठी त्याला मधले दिवस द्यावे लागतात. दुसऱ्याच दिवशी पुन्हा घाट उतरलात, तर आधीच दुखणाऱ्या मांड्यांवर पुन्हा तोच भार.

हृदय झालं, पाय झाले. डोक्याचं काय? कामाने पिचतं ते तर डोकं.

लंडनच्या दुमजली बसपासून सुरुवात करू. 1953 मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकच बस, एकच कंपनी, एकाच थरातले लोक. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर वर-खाली, रोज 500 ते 750 पायऱ्या. हृदयविकार कंडक्टरांमध्ये स्पष्टपणे कमी निघाला. हालचाल आणि हृदय यांचं नातं आकड्यांत मांडणाऱ्या पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी हा एक. मॉरिस स्वतः पुढे पळू लागले आणि 99 वर्षं जगले.

हेही हृदयाचंच झालं. डोक्याची पाळी पुढे आली. 2011 मध्ये अमेरिकेत 120 वयस्कर माणसांवर एक प्रयोग झाला. एका गटाने वर्षभर आठवड्यातून तीनदा, 40 मिनिटं झपाझप चालायचं. दुसऱ्या गटाने नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करायचे. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो. आठवणी साठवण्यात त्याचा हात असतो, आणि वयाबरोबर तो आक्रसत जातो. दुसऱ्या गटात तो तसा आक्रसलाच. चालणाऱ्यांच्या गटात तो सुमारे 2 टक्के वाढला! उतारवयातल्या मेंदूचा एक भाग नुसत्या पायांच्या जोरावर मोठा झाला.

ताणाचंही असंच. वसुलीला आलेल्या माणसाचा आवाज चढला की तुमची छाती धडधडते, तळव्यांना घाम सुटतो. घाट चढतानाही हेच होतं. फरक असा की घाटात हा खेळ तुम्ही स्वतः मांडता आणि वर पोचल्यावर तो संपतो. शरीर पेटायला शिकतं तसं विझायलाही शिकतं. हृदयाला शांत करणारी व्हेगस नावाची नस सरावलेल्या माणसात तत्पर होते. पळून थांबल्यावर पहिल्या एका मिनिटात त्याचे ठोके भराभर उतरतात. पळणाऱ्याला भांडणात राग येत नाही असं नाही, पण तो लवकर उतरतो, असं त्याच्या घरचे सांगतील.

शिवाय एक फायदा इतका उघड आहे की तो नजरेतून सुटतो. पळणं दुसऱ्यावर सोपवता येत नाही. दुकानात पोरगा बसवता येतो, हिशेब सीएकडे देता येतो, शेत वाट्याने लावता येतं. आठ किलोमीटर मात्र स्वतःलाच पळावे लागतात. त्या तासात कुणाला चेक देता येत नाही, की व्हॉट्सअपला उत्तर लिहिता येत नाही. जिथे कोणालाच तुमच्याकडून काही नको असतं असा दिवसातला दुसरा तास आठवून बघा. सापडला?

आता सरावातला सगळ्यात अजब नियम. शर्यत पंधरा दिवसांवर आली आहे. तुम्ही काय कराल? परीक्षेआधी रात्री जागवणारे आपण. मार्चअखेर आली की बँकेत, दुकानात दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात. धावपटू नेमकं उलटं करतो. तो सराव कमी करतो, जवळजवळ निम्म्यावर आणतो. याला टेपर म्हणतात. 2007 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला गेला. सर्वांत चांगला परिणाम दिसला तो शेवटचे दोन आठवडे पळण्याचं एकूण अंतर 41 ते 60 टक्क्यांनी कमी करून, वेग मात्र तोच ठेवल्यावर. वेळेत सुधारणा साधारण 2-3 टक्क्यांची. अडीच तासांच्या हाफ मॅरेथॉनमध्ये 2 टक्के म्हणजे तीन मिनिटं. ही तीन मिनिटं मिळाली कशाने? घरी बसून!

कामसू माणसाला सगळ्यात अवघड जातं ते हेच. पाय शिवशिवतात, आपण आळशी झालो असं वाटतं, कुणी बघत नसताना दहा किलोमीटर मारून यावेसे वाटतात. पण जो एकदा टेपर पाळून शर्यतीत उतरतो आणि पाय स्वतःहून पुढे पडताना अनुभवतो, त्याचा कामाकडे बघण्याचा डोळा बदलतो. मोठ्या ऑर्डरच्या आदल्या रात्री तो जागत नाही, झोपतो. शेवटच्या रात्री केलेल्या कष्टाचं फळ शर्यतीनंतर मिळतं आणि थकवा शर्यतीत मिळतो, हे त्याच्या पायांना ठाऊक झालेलं असतं.

फार मोठ्या जबाबदारीच्या नोकरीतही हे जमतं का? कृष्ण प्रकाश हे आयपीएस अधिकारी. सांगलीचे पोलीस अधीक्षक राहिलेले. पोलिसाची नोकरी म्हणजे चोवीस तास फोन. तरी 2017 मध्ये फ्रान्समध्ये त्यांनी आयर्नमॅन पुरी केली. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि त्यावर 42.2 किलोमीटरची मॅरेथॉन, एका दिवसात, सलग. वेळ सापडत नसतो, तो आधी राखून ठेवावा लागतो, हे अशा माणसांच्या वेळापत्रकाकडे बघून कळतं.

एक धोका मात्र इथेही दबा धरून बसलेला आहे. कामाचं वेड लागलेला माणूस पळण्याचंही वेड लावून घेऊ शकतो. मग अॅपवरचे आकडे, शेजाऱ्याशी चढाओढ, ताप असताना पळणं, असं दुसरं दुकान उघडलं जातं. शरीर त्याची खबर वेळेवर देतं. सकाळी अंथरुणात असतानाच मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजा. रोज 58 असणारे ठोके दोन-तीन दिवस 66-68 दाखवू लागले, झोप तुटू लागली, चिडचिड वाढली, तर बूट कोपऱ्यात ठेवा. आणि चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब-साखर असेल, घरात हृदयविकार असेल, तर पहिलं पाऊल दवाखान्याकडे, दुसरं रस्त्याकडे.

हे सगळं ज्ञान स्वीडन, नॉर्वे, अमेरिकेतून आलं असं वाटत असेल, तर सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला या, आषाढात. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरेच्या स्नानानंतर जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत पंढरीकडे जाते. आळंदीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर. चालणाऱ्यांत कितीतरी शेतकरी, नुकतीच पेरणी उरकून निघालेले. बरीच मंडळी साठीच्या पुढची. वेग बघा, गाणं म्हणता येईल असा. अभंग म्हणत चालणाऱ्याला बोलण्याची वेगळी चाचणी कशाला?

आणि मुक्काम बघा. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांबलचक, तीस किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाटाची चढण. त्याआधी पुण्यात दोन मुक्काम. त्यानंतर सासवडला पुन्हा दोन मुक्काम! कारणं परंपरेची आहेत, पण आज एखाद्या प्रशिक्षकाच्या हाती वहीत तारखा भरायला दिल्या, तर सगळ्यात कठीण टप्प्याच्या अलीकडे-पलीकडे तो विश्रांतीचे दिवस इथेच टाकेल. अडीचशे किलोमीटर चालायचे आहेत, एकादशीची तारीख पुढे सरकणारी नाही, लाखो माणसं रस्त्यावर आहेत, आणि तरी सासवडला दुसऱ्या दिवशी कुणी निघायची घाई करत नाही. तुमच्या दुकानाची मार्चअखेर याहून मोठी आहे का?